वाचकांचे प्रश्न : नवा कॅमेरा हाती आल्यावर

गेल्या दोन महिन्यांत डिजिटल कॅमेऱ्याविषयी वाचकांची जी पत्रे आली, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. फोटो काळा आला, हलला, पिवळा पडला अशी तक्रार प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या नावाने केली आहे. परंतु पत्र नीट वाचले की कॅमेरा बहुधा निर्दोष निघतो आणि उजेडाकडे पाहायचे राहून गेलेले असते. सारखे प्रश्न एकत्र करून, नावांऐवजी गावे देऊन, त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर मुलाने मला डिजिटल कॅमेरा व सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स घेऊन दिली. आजवर ऑटोवरच फोटो काढत आलो आहे. चाकावरच्या बाकीच्या अक्षरांना हात लावण्याचा धीर होत नाही. सुरुवात कोठून करावी? शिवाय छिद्राचा आकडा वाढला की छिद्र लहान होते, हे मला आजतागायत पटलेले नाही. — सातारा

उत्तर : चाकावरील अक्षरांपैकी तूर्त एकाशीच ओळख करून घ्यावी. निकॉन व सोनीच्या कॅमेऱ्यांवर ते ‘ए’ असते, कॅननच्या कॅमेऱ्यांवर ‘एव्ही’. या पद्धतीत लेन्सचे छिद्र किती उघडायचे ते आपण सांगतो आणि त्याला साजेसा शटरचा वेग कॅमेरा निवडतो. ‘एम’वर, म्हणजे सर्व काही स्वतःच्या हाताने ठरवून, फोटो काढल्याखेरीज छायाचित्रण खरे नव्हे असे मानणारा एक पंथ आहे, मी त्या पंथातला नाही. वर्षभर ‘ए’वर काम केलेल्या माणसाला ‘एम’ एका दुपारी येते, पण पहिल्याच दिवशी ‘एम’ला भिडलेले अनेक जण महिन्याभरात ऑटोवर परतलेले मी पाहिले आहेत.

सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, किती प्रकाश पडतो हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : लेन्सचे छिद्र केवढे आहे आणि शटर किती वेळ उघडे राहते. जुन्या वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीच्या झरोक्याला झडप असते. ती किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली, यावर आत किती उजेड आला हे ठरते, तसेच हे आहे. आयएसओ ही तिसरी गोष्ट मात्र निराळ्या जातीची आहे. ती आत येणाऱ्या प्रकाशात काडीचीही भर घालत नाही. आलेल्या प्रकाशापासून सेन्सरने तयार केलेला विद्युतसंकेत ती मोठा करून दाखवते. लांबचे आकाशवाणी केंद्र ऐकताना रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. त्याप्रमाणे आयएसओ वाढवले की चित्र उजळते आणि त्यातले दाणेही वाढून दिसू लागतात.

आता आपल्या न पटलेल्या आकड्यांकडे येऊ. एफ ४ यातील ४ हा भाजक आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, ४ ने भागले की जे येते तो छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिलिमीटर व्यास आणि एफ ४ म्हणजे १२.५ मिलिमीटर. चतकोर भाकरी अर्ध्या भाकरीहून लहान, एवढाच तो हिशेब आहे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पावपट होते, म्हणून एफ २ वरून एफ ४ वर गेल्यास प्रकाश पावपट येतो. प्रकाश नेमका निम्मा करायचा असेल तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागते, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी विचित्र वाटणारी मालिका त्यातून जन्मली. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, हे मुलांना वर्गमूळ शिकवलेल्या माणसाला मी अधिक समजावून सांगणे बरे दिसणार नाही.

प्रत्यक्ष सरावासाठी अंगणातील तुळशीवृंदावन उत्तम. लेन्स ५५ वर न्यावी, तुळशीपासून एक-दीड मीटरवर उभे राहावे, मागची भिंत किंवा कुंपण शक्य तेवढे दूर असावे. आयएसओ ४०० वर स्थिर ठेवावे, फोकस मंजिरीवर धरावा आणि तोच फोटो एफ ५.६, एफ ११ व एफ २२ वर असा तीनदा काढावा. पहिल्यात मागचे कुंपण विरघळल्यासारखे दिसेल, तिसऱ्यात त्यातली प्रत्येक काठी मोजता येईल. त्याच वेळी शटरचा वेगही पाहावा. सावलीत पहिल्या फोटोला कॅमेऱ्याने सेकंदाचा १२५ वा भाग घेतला असेल, तर दुसऱ्याला ३० वा व तिसऱ्याला ८ वा भाग घेईल, आणि तिसरा फोटो हात हलल्यामुळे बिघडण्याचा संभव राहील. आपल्यासारख्या कॅमेऱ्यावर ५५ मिलिमीटरला सेकंदाच्या ८० व्या भागाहून अधिक वेळ शटर उघडे राहत असेल तर सावध व्हावे; लेन्समध्ये कंप रोखण्याची सोय असल्यास आणखी सवलत मिळते, पण ती आपल्या हातापुरती; वाऱ्याने हलणाऱ्या तुळशीला ती लागू नाही.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण निवृत्त वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. डोळा लावण्याच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असते. ते आपल्या चष्म्याच्या नंबरानुसार जुळवायचे असते. खिडकीत दिसणारी अक्षरे व आकडे स्पष्ट होईपर्यंत ते फिरवावे. सगळेच अंधुक दिसते म्हणून कॅमेरा दुरुस्तीला नेलेले लोक मला माहीत आहेत, आणि हे चाक दोन खाचा फिरवून तो त्यांच्या हाती परत दिलेला दुकानदारही.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेत बसून सुमारे दोनशे फोटो काढले. फ्लॅश चालू ठेवला होता. त्यांतले जेमतेम पाच-सहा बरे आले. बाकी अंधारे, हललेले किंवा चेहरे पांढरेफटक. पुढच्या महिन्यात तिच्या भरतनाट्यमच्या वर्गाचा कार्यक्रम आहे. त्यासाठी काय करावे? — डोंबिवली

उत्तर : प्रथम ते दोनशे फोटो पुसू नयेत, त्यांच्यासारखा शिक्षक मिळणार नाही. अस्पष्ट फोटो तीन कारणांनी होतो आणि तिन्हींची खूण वेगळी असते. सगळेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर आपला हात हलला. मागचा पडदा स्पष्ट आणि मुलगी तेवढी फिस्कटलेली असेल तर ती हलली. मुलगी धूसर पण पुढच्या रांगेतल्या काकांचे केस एकेक मोजता येत असतील तर फोकस चुकला. शंभरातले किती फोटो कोणत्या कारणाने गेले ते मोजावे. औषध त्यावरच ठरेल.

फ्लॅशचा नाद सोडावा. कॅमेऱ्यात बसवलेल्या फ्लॅशची ताकद सामान्यतः १२ च्या आसपास असते, म्हणजे आयएसओ १०० ला १२ भागिले छिद्राचा आकडा एवढे मीटर त्याचा उजेड पुरतो. एफ ५.६ ला हे अंतर साधारण दोन मीटर भरते. आयएसओ चौपट केले तर ते दुप्पट होते, तरी चार मीटरच. दहाव्या रांगेतून रंगमंच पंधरा मीटर तरी लांब असतो. आपल्या फ्लॅशने पुढच्या चार माणसांची टाळकी उजळली, एवढाच त्याचा उपयोग झाला. नाचणाऱ्या मुलींच्या डोळ्यांना होणारा त्रास वेगळाच.

नृत्यासाठी शटरचा वेग आपण ठरवावा, म्हणजे चाक ‘एस’वर किंवा कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘टीव्ही’वर न्यावे. द्रुत हालचालींना सेकंदाचा २५० वा भाग हवा. भरतनाट्यममध्ये मात्र आपल्याला एक मोठी सवलत आहे. जतींच्या, म्हणजे तालाच्या बोलांवर नाचलेल्या तुकड्यांच्या, शेवटी, त्यांची सांगता करणारे तीरमानम संपते तिथे, नर्तकी क्षणभर पुतळ्यासारखी थांबते. त्या क्षणाला १२५ वा भाग पुरेसा होतो, आणि फोटोही तोच चांगला असतो, कारण हात, नजर व पावले यांची आकृती तिथेच पूर्ण झालेली असते. यासाठी घरी दोन वेळा तालमीला बसावे. मुलीच्या नृत्यातील थांबे ज्याला पाठ आहेत, त्या बापाचा साधा कॅमेरा महागड्या कॅमेऱ्यावाल्या परक्या माणसाला भारी पडतो.

आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर गेले तरी डगमगू नये. दाणेदार पण स्पष्ट फोटो छापता येतो. गुळगुळीत पण हललेल्या फोटोचे काहीही करता येत नाही. थोडा खर्च करण्याची तयारी असेल तर झूमपेक्षा ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स घ्यावी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५.६ ला १.८ ने भागून त्याचा वर्ग केला तर सुमारे साडेनऊ येतात. एवढा जास्त प्रकाश या लहानशा लेन्समधून आत येतो, त्यामुळे जिथे आयएसओ ६४०० लागत होते तिथे ८०० वर काम भागते. मात्र तिला झूम नाही, तेव्हा आयोजकांना आधी विचारून तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या कडेची खुर्ची मिळवावी.

चेहरे पांढरेफटक होण्याचे कारण फ्लॅशपेक्षा वेगळे आहे. रंगमंचाचा मागचा भाग काळा, त्यात उजेडात उभी एकटी मुलगी. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, अंधार फार आहे असे समजतो आणि फोटो वाजवीपेक्षा उजळ करतो. अशा वेळी उजेड मोजण्याची पद्धत स्पॉटवर नेऊन चेहऱ्यावर मोजावे, किंवा उजळपणा एक पायरी उणे करावा. आवाज होऊ नये म्हणून काही जण इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात आणि चित्रात आडवे काळे पट्टे आले की घाबरतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात व मंदावतात, त्याचे ते पट्टे आहेत. यांत्रिक शटर आणि सेकंदाचा १०० वा किंवा ५० वा भाग घेतला की बहुधा ते जातात.

प्रश्न : माझ्याकडे खिल्लार बैलजोडी आहे व दोन पंढरपुरी म्हशी. बैल पांढरेशुभ्र असूनही फोटोत मळकट राखाडी येतात, आणि म्हशी काळ्याभोर असून धुरकट करड्या. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे काय? — सांगोला

उत्तर : बिघाड नाही. उलट, आपला कॅमेरा शिकवल्याप्रमाणे अगदी आज्ञाधारकपणे वागत आहे, आणि आपण दोन्ही जनावरांचे फोटो पाठवल्यामुळे तो कोठे फसतो हे मला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता आले नसते.

कॅमेरा वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला उजेड मोजतो. समोर बैल आहे की म्हैस, हे मोजमापाच्या यंत्रणेला ठाऊक नसते. म्हणून ती एक गृहीत धरून चालते : समोरच्या सर्व गोष्टींची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणाऱ्या रंगाइतकी येईल. झाडे, माती, माणसे, थोडे आकाश अशा नेहमीच्या दृश्यात हे गृहीत बऱ्यापैकी जमते. पण चौकट खिल्लार बैलाने भरून टाकली की कॅमेऱ्याला वाटते उजेड फारच आहे, आणि तो फोटो काळवंडून बैलाला राखाडी करतो. म्हशीने चौकट भरली की त्याला वाटते अंधार आहे, आणि तो म्हशीला उजळून राखाडी करतो. दोघांची रवानगी एकाच रंगात होते.

उपाय सोपा, पण मनाला उलटा वाटणारा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचे चिन्ह असलेले एक बटण असते. बैलासाठी ते अधिक १ वर न्यावे, म्हशीसाठी उणे १ वर. पांढऱ्याला उजेड वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा, हे पहिल्या दिवशी पटत नाही. परंतु कॅमेरा जी चूक करणार आहे तिच्या विरुद्ध बाजूला आपण ढकलत आहोत, हे ध्यानात ठेवले की हात आपोआप बरोबर वळतो. आषाढात पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा पांढरी धोतरे, सदरे व टोप्या यांनी भरलेल्या दिंडीचा फोटो काढून पाहावा; तिथेही हेच अधिक चिन्ह लागेल. टोरांटोहून एका वाचिकेने अंगणातले बर्फ निळसर राखाडी येते असे कळवले आहे, त्यांनाही हेच उत्तर.

एक पथ्य मात्र आहे. दुपारच्या उन्हात बैलाच्या पाठीवर अधिक १ सुद्धा जास्त होऊ शकते. पांढऱ्याची मर्यादा ओलांडली की तिथे केसांचा पोत, कातडीच्या वळ्या यांतले काहीच नोंदले जात नाही, निव्वळ पांढरा डाग उरतो आणि तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. फोटो पाहताना अतिउजळ भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करून ठेवावी. आणि शक्य झाले तर बैलांचा फोटो सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर काढावा. त्या तिरप्या उन्हात खिल्लाराचे वशिंड आणि शिंगांचा बाक जसा उठून दिसतो तसा माध्यान्ही कधीच दिसणार नाही.

प्रश्न : माझ्या फोनला ५० मेगापिक्सेल आहेत आणि भावाच्या महागड्या कॅमेऱ्याला फक्त २४. मग कॅमेरा घ्यावाच कशाला? — नागपूर

उत्तर : बागेत, भर उन्हात, माणसांचे फोटो काढून ते फोनवरच पाहायचे असतील तर घेऊ नये, हे मी गमतीने म्हणत नाही. मेगापिक्सेल ही चित्रातल्या ठिपक्यांची संख्या आहे, त्यांची गुणवत्ता नव्हे. भावाच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचे असेल. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या मापाने ते २० इंच रुंद छापता येते. अल्बममधल्या ४ गुणिले ६ इंची फोटोला तर सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केला, तेव्हा त्यात दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. तिथून निघालेली आकड्यांची शर्यत सामान्य माणसाच्या गरजेच्या पुढे कधीच गेली आहे.

फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. भावाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमधल्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा असतो, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला अधिक प्रकाश येतो. फोनमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी चार-चार ठिपके एकत्र करतात, आणि ५० चे साडेबारा मेगापिक्सेल मुकाट्याने होतात. संध्याकाळच्या उजेडात, दूरच्या पक्ष्यावर, धावत्या मुलावर दोन्ही साधने शेजारी ठेवून पाहावीत, मग खर्चाचा निर्णय घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कॅमेरा कपाटातून काढला तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे धागे दिसले. कॅमेरा चामड्याच्या पेटीत, कपड्यांच्या मागे जपून ठेवला होता. — रत्नागिरी

उत्तर : जपून ठेवल्यामुळेच हे झाले. अंधार, कोंदट हवा आणि ओल या तीन गोष्टी बुरशीला हव्या असतात आणि कोकणातल्या कपाटात जून ते सप्टेंबर तिन्ही फुकट मिळतात. चामडे त्यात सर्वांत वाईट, कारण ते ओल धरून ठेवते. माझी पहिली चांगली लेन्स मी अशाच एका देखण्या चामडी पेटीपायी गमावली. दुकानदाराने ती पेटी भेट म्हणून दिली होती आणि मी चार वर्षे तिला पॉलिश करत होतो.

लेन्सच्या एका बाजूने टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धागे नुकतेच, कडेला दिसत असतील तर लेन्स उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडे लगेच न्यावी. स्वतः उघडू नये. बुरशीतून पाझरणारी आम्ले काचेवरील लेप खातात, म्हणून उशीर केल्यास धागे निघतात पण त्यांच्या जागी ओरखड्यासारखी खूण कायमची राहते. उन्हात ठेवून बुरशी जाते असे पुष्कळ जण सांगतात. उन्हाने वाढ थोडी थांबेलही, पण लेन्स सूर्याकडे रोखून ठेवल्यास ती भिंगासारखे काम करून आतला भाग जाळते, तेव्हा हा प्रयोग न केलेला बरा.

पुढच्या वर्षीसाठी स्वयंपाकघरात वापरतात तसा, झाकणाला रबर असलेला घट्ट प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र ठेवावे. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. त्याहून फार कोरडेही नको, त्याने रबर व वंगण बिघडते. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवट होतात. रंग बदलला की ते ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून त्यांच्यासाठी जेवणाची भांडी वापरू नयेत. सिलिका जेलऐवजी तांदूळ ठेवण्याची घरगुती युक्ती कॅमेऱ्यात पीठ भरण्यापलीकडे फारसे काही करत नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढणे.

वातानुकूलित खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा नेल्यासही काचेवर दव धरते. निघण्याआधी तो बंद पिशवीत घालावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये.

प्रश्न : रॉ की जेपेग? — ठाणे

उत्तर : पहिले सहा महिने जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेला फोटो. कॅमेऱ्याने घेतलेले निर्णय जेपेगमध्ये पक्के होतात, त्यामुळे आपली चूक आपल्याला स्पष्ट दिसते. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. रंगाचा समतोल नंतर हवा तसा ठरवता येतो, काळोख्या भागातून बरेच काही वर काढता येते, पण प्रत्येक फोटोवर संगणकापुढे बसावे लागते. ज्यांना ते बसणे आवडते त्यांनी दोन्ही एकाच वेळी नोंदवण्याची सोय वापरावी.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला आम्ही काही मित्र भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणार आहोत. अख्खे झाड काजव्यांनी लगडलेले असते असे फोटो पाहिले आहेत. माझ्याकडे ट्रायपॉड आहे. असा फोटो कसा काढावा? — पुणे

उत्तर : आपण पाहिलेले बहुतेक फोटो एका क्षणाचे नसतात, हे आधी सांगितलेले बरे, म्हणजे तिथे गेल्यावर निराशा होणार नाही. ते वीस-तीस किंवा त्याहून अधिक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्याला सादड्याचे झाड लयीत उजळते आणि विझते असे दिसते. फोटोत त्या सगळ्या उजळण्यांची बेरीज येते. यात खोटे काही नाही, परंतु असा फोटो इतरांना दाखवताना तो बेरजेचा आहे हे सांगावे, असे माझे मत आहे.

अंधार पडण्याच्या एक तास आधी पोहोचावे. झाड निवडावे, ट्रायपॉड खडकावर पक्का रोवावा, पिशवी लटकवून त्याला वजन द्यावे. उजेड असतानाच झाडावर फोकस धरून तो ऑटोवरून हातावर (मॅन्युअलवर) करावा आणि लेन्सवरची फोकसची कडी हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी. रात्री अंधारात कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि काही मिळवत नाही. ट्रायपॉडवर असताना कंपरोधक बंद ठेवावा. छिद्र लेन्सचे असेल तेवढे मोठे, म्हणजे एफ २.८ किंवा ३.५, आयएसओ १६००, शटर २० ते ३० सेकंद, आणि बटण दाबल्याचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. इथे ‘एम’ला पर्याय नाही, वर मी ज्या पंथाची थट्टा केली, त्याला हे एवढे मान्य करतो. लांब शटरनंतर दाणे घालवण्याची कॅमेऱ्यातील सोय बंद करावी, नाहीतर प्रत्येक तीस सेकंदांच्या फोटोनंतर आणखी तीस सेकंद तो स्वतःशीच काम करत बसतो. ट्रायपॉड न हलवता तीस-चाळीस फोटो काढावेत. नंतर संगणकावर प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा राखणारी पद्धत निवडली की ते एकत्र होतात.

काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे एकमेकांना दिलेले संकेत असतात. टॉर्च, गाडीचे दिवे, फ्लॅश किंवा फोनचा पडदा झाडाच्या दिशेने गेला की त्यात खंड पडतो, आणि आपल्या फोटोवरही पांढरा फराटा उमटतो. कॅमेऱ्याच्या पुढे फोकससाठी पेटणारा एक लहान दिवा असतो, तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तोही मेनूतून बंद करावा. सोबतच्या मित्रांना हे घरीच सांगून ठेवावे, कारण तिथे गेल्यावर कोणीतरी सेल्फीसाठी फ्लॅश मारतोच आणि मग भांडण अंधारात करावे लागते.

प्रश्न : भाचीच्या बारशाचे फोटो असलेले मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झाले. फोटो गेले का? — अकोला

उत्तर : अद्याप बहुधा गेलेले नाहीत. फॉरमॅट केल्याने सामान्यतः अनुक्रमणिका पुसली जाते, पाने तशीच राहतात. त्यांवर नवे काही लिहिले गेले तरच ती जातात. म्हणून कार्ड या क्षणी कॅमेऱ्यातून काढावे आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नये, तपासून पाहण्यासाठीसुद्धा नाही. संगणकाला कार्ड रीडरने जोडून फोटो परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते वाचावे, आणि मिळालेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर उतरवावेत. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा निराळा पर्याय असतो. तो निवडला गेला असेल तर आशा फार कमी. कार्डाच्या डाव्या कडेला बारीक सरकती खिटी असते, ती ‘लॉक’कडे सरकवून मगच ते संगणकाला लावावे.